वॉलेटच्या लायब्ररीत काय ठेवावं नि काय फेकावं : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज एका ओळीत लिहून गेलो की क्रिप्टो वॉलेट कसं चालतं हे कळायचं असेल तर त्याची एक बारकी लायब्ररी, म्हणजे कुठल्याही अॅपला जोडता येईल असं तयार कोड, स्वतः लिहून बघा, आणि झालं, नांदेडपासून बीडपर्यंत पोरापोरींनी खरंच लिहायला घेतल्या. पत्रं बरीच आली, सगळी छापायला जागा नाही, त्यातली सहा निवडली. थोडी कापलीत, भाषा मात्र तशीच ठेवलीय.

प्रश्न (नांदेड, इंजिनिअरिंग शेवटचं वर्ष) : सर, आम्ही तिघं मिळून फायनल इयरला जावास्क्रिप्टमध्ये वॉलेट बनवायची लाइटवेट लायब्ररी करायलोत. बिटकॉइन, इथेरियम आणि अजून आठ-दहा कॉइन साठवणं, भाव दाखवणं, पासवर्डनं लॉक, पाठवणं, हिस्ट्री, सगळं एकातच. पण साइझ काही कमी होईना गेलीय, नोड मॉड्यूल्सचं फोल्डर उघडलं की माणूस हरवायलाय. गाइड म्हणतेत अजून फीचर टाका. काय काढावं नि काय ठेवावं?

उत्तर : गाइडचा मान ठेवून सांगतो, टाकू नका. किती केबी हा प्रश्न नंतरचा. आधीचा प्रश्न असा की तुमची लायब्ररी वापरणाऱ्याला किती जणांवर डोळे झाकून भरवसा ठेवावा लागणार. फोल्डरात जितकी पॅकेजं, म्हणजे बाहेरच्यांनी लिहिलेले कोडचे तयार गठ्ठे, तितकी अनोळखी माणसं, आणि ती बसलीत कुठं तर थेट चावीच्या, म्हणजे ज्यानं पैसे हलवायची सही होते त्या गुप्त आकड्याच्या, शेजारी.

आणि ते 'कॉइन साठवणं' तेवढं वाक्यातून काढा, कारण कॉइन वॉलेटमध्ये नसतंच. जमीन शिवारात असते, नोंद सातबाऱ्यावर असते, आपल्याकडं काय असतं तर सही-अंगठा, तसंच हे. नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक वहीत, वॉलेटकडं फक्त अंगठा. फरक एवढाच की इथं अंगठा चोरीला गेला तर ज्याच्याकडं जाऊन रडावं असा तलाठी नाही.

एकदा हे पटलं की लायब्ररीचं काम आपोआप आक्रसतं. खरी रँडम संख्या घेऊन बारा किंवा चोवीस शब्द बनवायचे (वॉलेट परत उघडायला वहीत लिहून ठेवतात ते), शब्दांवरून सीड म्हणजे एक मोठा मूळ आकडा, सीडवरून चाव्या, चावीवरून पत्ता, आणि समोर आलेल्या व्यवहारावर सही. बास. भाव दाखवणं बाहेर, हिस्ट्री बाहेर, साठवण पण बाहेर, कारण अँड्रॉइडवर ती एका तऱ्हेनं करावी लागते, ब्राउझरमध्ये दुसऱ्या, आणि ते ज्याचं अ‍ॅप त्यानं बघावं. मी तर म्हणतो अख्ख्या कोडमध्ये 'फेच' शब्द, म्हणजे नेटवरून काही आणायची आज्ञा, सर्च करा, सापडला की लायब्ररी आपल्या हद्दीबाहेर गेली समजा.

कॉइनचं म्हणाल तर दोनच घ्या. बिटकॉइन आणि इथेरियम दोघांची चावी सहीच्या गणितातल्या एकाच वक्रावर चालते, सेक्प२५६के१, म्हणून निम्मं कोड सामाईक राहतं. सोलाना घेतलं की वक्रच बदलतो आणि तुमचं काम दुप्पट होतं, प्रोजेक्टच्या मार्कात मात्र दुपटीनं वाढ होत नाही.

आता पॅकेजांचं. २०१८ सालचं इव्हेंट-स्ट्रीमचं प्रकरण तुमच्या वर्गात सांगितलं नसेल तर मीच सांगतो. हे एनपीएम या जावास्क्रिप्टच्या पॅकेज-भांडारातलं लाखोंनी डाउनलोड होणारं साधं पॅकेज, मूळ मालकाला त्यात रस राहिला नव्हता, एकानं मदतीला येतो म्हटलं, यानं पॅकेजचा ताबा देऊन टाकला. नव्या माणसानं हळूच फ्लॅटमॅप-स्ट्रीम नावाचं अजून एक पॅकेज आत जोडलं आणि त्यात गुप्त कोड होतं, ते पण असं की कोपे नावाच्या बिटकॉइन वॉलेटच्या प्रोजेक्टमध्ये असेल तरच उलगडणार, बाकीच्यांकडं गपगार पडून राहणार. उलगडलं की लोकांच्या चाव्या बाहेर पाठवायच्या. कोपेवाल्यांनी त्या माणसाचं नावही ऐकलं नसेल, त्यांच्या पॅकेजच्या पॅकेजच्या पॅकेजात तो बसला होता. म्हणून जे घ्याल ते मोजकं घ्या, व्हर्जन पक्कं बांधून ठेवा, लॉकफाइल, म्हणजे कुठलं व्हर्जन घेतलं त्याची यादी, कोडसोबत गिटमध्ये टाका.

मग सगळं स्वतःच लिहू का, असं विचाराल. नाही, इथंच पोरं फसतात. सहीचं गणित स्वतः लिहू नका. त्यात दर सहीला एक गुप्त संख्या लागते आणि तीच संख्या दोनदा वापरली की शाळेतल्या दोन समीकरणं दोन अज्ञातं या हिशोबानं कुणीही तुमची खासगी चावी काढू शकतो. प्लेस्टेशन ३ ची चावी २०१० ला अशीच फुटली, आणि ऑगस्ट २०१३ ला अँड्रॉइडच्या रँडममधल्या दोषामुळं त्यावरच्या बिटकॉइन वॉलेटमधून पैसे गेले ते पण ह्याच खिंडीतून. आता ही संख्या आरएफसी ६९७९ या मानकाच्या पद्धतीनं चावी आणि संदेशावरूनच काढतात, नशिबावर सोडत नाहीत. सी भाषेत लिबसेक्प२५६के१ आहे, जावास्क्रिप्टमध्ये नोबल नावाचं आहे जे दुसऱ्या एकाही पॅकेजवर अवलंबून नाही आणि त्याचं ऑडिट झालेलंय. ते एक घ्या, गुपचूप वापरा.

शब्द बनवतानाची रँडम संख्या तर अजून नाजूक. मॅथ डॉट रँडम, म्हणजे जावास्क्रिप्टचं साधं, अंदाज बांधता येणारं रँडम, कुणी वापरलं असेल तर त्याला चहा पाजून बाजूला घ्या. २०२३ ला लिबबिटकॉइन या बिटकॉइनच्या टूलकिटच्या एका कमांडमध्ये सापडलं की रँडम म्हणून जे निघत होतं ते फक्त ३२ बिटचं, म्हणजे चोवीस शब्द दिसायला चोवीसच पण मागं शक्यता सुमारे ४२९ कोटी. ऐकायला लई वाटतात, साध्या कॉम्प्युटरला हे काही दिवसांचं काम. लोकांचे पैसे गेल्यावर ते कळलं. तुमच्या लायब्ररीनं ऑपरेटिंग सिस्टिमकडून रँडम मागावं आणि मिळालं नाही तर सरळ एरर देऊन थांबावं, 'दुसरं काहीतरी वापरून बघतो' असला चांगुलपणा इथं नको.

अजून एक, पैशाचं गणित. एका इथरमध्ये (इथेरियमचं नाणं) १ वर १८ शून्यं इतके वेई, म्हणजे त्याचे सगळ्यात बारीक सुटे. जावास्क्रिप्टचा साधा नंबर अचूक राहतो तो ९,००७,१९९,२५४,७४०,९९१ पर्यंतच, म्हणजे जेमतेम ०.००९ इथर. त्यापुढं आकडा गुपचूप गोलाकार होतो, कुणी बोंब मारत नाही. बिटकॉइनच्या सगळ्या २ कोटी १० लाख नाण्यांचे सातोशी, म्हणजे बिटकॉइनचे सगळ्यात बारीक सुटे, केले तरी त्यात मावतात, म्हणून बिटकॉइनवर टेस्ट केलेलं कोड इथेरियमवर गंडतं आणि पोरगं रात्रभर दुसरीकडंच शोधत बसतं. बिगइंट हा मोठ्या पूर्णांकांचा प्रकार वापरा, आणि दशांशाचं स्ट्रिंग (अक्षरांत लिहिलेली रक्कम) तोडून मोजा, मजकुराचा दशांशी नंबर करणारं पार्सफ्लोट मध्ये आणू नका. मराठी कीबोर्डवरून कुणी देवनागरी आकड्यात रक्कम टाकली तर जावास्क्रिप्टला तो आकडाच वाटत नाही, तर ते बदलून द्यायचं काम अ‍ॅपचं, लायब्ररीनं अंदाज बांधत बसू नये.

चावी आणि सीड स्ट्रिंगमध्ये धरू नका, बाइटच्या अ‍ॅरेमध्ये धरा, काम झालं की शून्यानं भरा. जावास्क्रिप्टची स्ट्रिंग तुम्हाला पुसताच येत नाही, ती मेमरीत कुठं नि किती वेळ पडून राहील ते इंजिनची मर्जी.

प्रश्न (लातूर, अ‍ॅप डेव्हलपर) : माझ्या वडलांना इंग्रजी वाचता येत नाही. ते बारा शब्द मराठीत केले तर? मी यादी बनवायला सुरुवात पण केलीय, आंबा, वाडा, बैल असे शब्द घेतलेत. लायब्ररीत टाकू का?

उत्तर : भावना एकदम बरोबर, यादी मात्र थांबवा.

बिप म्हणजे बिटकॉइनवाल्यांची क्रमांक दिलेली मानकं, त्यातल्या बिप ३९ मध्ये २०४८ शब्दांची यादी असते, एक शब्द म्हणजे ११ बिट, बारा शब्दांचे १३२, त्यातले १२८ खरे रँडम आणि उरलेले ४ चेकसम, म्हणजे चूक पकडायचा ताळा. इथवर वाटतं की शब्द म्हणजे फक्त आकड्यांची नावं, कुठल्याही भाषेत ठेवा. पण सीड काढताना आकडा नाही, शब्दांचा मजकूर जसाच्या तसा घुसळला जातो, २०४८ वेळा. म्हणजे 'आंबा' लिहिला तर 'आंबा'चे बाइट आत जाणार आणि तुमचं अ‍ॅप उद्या बंद पडलं की जगातलं दुसरं कुठलंच वॉलेट वडलांचे शब्द ओळखणार नाही. आज दहा याद्या आहेत, जपानी, कोरियन, स्पॅनिश, झेक वगैरे, मराठी-हिंदी त्यात नाही, आणि इंग्रजी सोडून दुसऱ्या यादीतून शब्द बनवू नका असं त्या मानकातच स्पष्ट म्हटलंय.

आणि आपल्या लिपीची एक वेगळीच गंमत आहे, ती मी स्वतः भोगलीय. बारा शब्दांच्या वर अजून एक आपल्या मनाची पासफ्रेज ठेवता येते, ती कुठल्याही भाषेत चालते. मी हौसेनं टेस्टनेटच्या (खोट्या पैशांचं सरावाचं नेटवर्क) वॉलेटला 'दऱ्याखोऱ्या' ठेवली, लॅपटॉपवर. फोनवर तेच शब्द, तीच पासफ्रेज, वॉलेट उघडलं ते रिकामं. पासफ्रेज चुकली असं कुणी सांगत नाही बरं का, कुठलीही पासफ्रेज दिली तरी कुठलं तरी वॉलेट उघडतंच. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी दोन्हीकडचे बाइट शेजारी शेजारी छापले तेव्हा कळलं.

आपला तो 'ऱ्या' आहे ना, वाऱ्यातला, शेतकऱ्यातला, तो कॉम्प्युटरमध्ये तीन तऱ्हेनं लिहिता येतो. एक, त्या 'ऱ'ला स्वतंत्र नंबर आहे. दोन, साधा 'र' आणि खाली नुक्ता. तीन, साधा 'र', हलन्त आणि त्यामागं एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर तिन्ही हुबेहूब सारखे. बिप ३९ म्हणतं सीड काढायच्या आधी मजकूर एनएफकेडी पद्धतीनं सारखा करून घ्या, तसं केलं की पहिला आणि दुसरा एक होतात. तिसरा होत नाही. लॅपटॉपचा कीबोर्ड पहिला लिहीत होता, फोनचा तिसरा. म्हणजे लायब्ररी अगदी नियमानं चालली तरी आपला 'शेतकऱ्या' बुडतो, आणि नियमानं नाही चालली तर अजून लवकर बुडतो. तेव्हा एनएफकेडी टाकाच, वरून देवनागरी पासफ्रेज आली की लायब्ररीनं अ‍ॅपला इशारा द्यावा. गपचूप दुरुस्त मात्र करू नये, तुमची दुरुस्ती दुसऱ्या वॉलेटला माहीत नसते.

ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. 'पाणी' आणि 'पाणि' यात तुमच्या-माझ्या घरात रोज घोळ होतो, इथं त्या एका वेलांटीपायी पैसे गेले तर?

वडलांसाठी असं करा. शब्द इंग्रजीच राहू द्या, शेजारी प्रत्येक शब्दाचा यादीतला क्रमांक दाखवा, चार आकडी, देवनागरीत. वडलांनी वहीत बारा आकडे लिहायचे. आकड्यावरून शब्द तुमची लायब्ररी काढेल, आणि तुमचं अ‍ॅप नसलं तरी कुणीही यादी उघडून बोट लावून काढू शकतो. फक्त पहिला शब्द १ धरला की ० हे त्याच पानावर लिहा. प्रोग्रामर ० पासून मोजतो, वडील १ पासून.

प्रश्न (जालना, मोंढ्यात आडत) : भाच्यानं तुमचा लेख वाचून वॉलेट केलं. खेळण्यातले पैसे होते म्हणून बरं. ०.०५ होते, मी त्याला ०.०१ पाठवून बघितले तर माझे उरलेले सगळेच गायब. तो म्हणतो मामा नेटवर्कचा प्रॉब्लेम. खरं काय?

उत्तर : भाचा चुकला, पण ही चूक मीही केलीय, त्याला रागावू नका.

तुम्हाला पटकन कळेल. बिटकॉइनमध्ये खात्यात शिल्लक असा आकडा नसतो, नोटा असतात. तुमच्याकडं ०.०५ ची एकच नोट होती. कुणाला शंभर द्यायचे आणि हातात पाचशेची नोट असली तर अख्खी नोट टेबलावर ठेवावी लागते नि चारशे परत घ्यावे लागतात, तसंच. पण इथं परतीचे चारशे कुणी आपणहून देत नाही, 'माझे सुटे माझ्या ह्या पत्त्यावर' असं व्यवहारात तुम्हीच लिहायचं असतं. भाच्यानं ते लिहिलंच नाही. आणि व्यवहारात फी असा रकानाच नसतो, आत आलेलं वजा बाहेर गेलेलं, जे उरेल ती फी. म्हणजे तुमचे ०.०४ खाण चालवणाऱ्याला, म्हणजे व्यवहार ब्लॉकचेनवर चढवणाऱ्या मायनरला, फी म्हणून गेले. त्यानं घेतले, त्याची काही चूक नाही.

भाच्यासाठी : लायब्ररीत व्यवहार बनवणाऱ्या फंक्शनला फी वेगळी सांगायची सक्ती कर. आलेलं बरोबर गेलेलं अधिक सांगितलेली फी, ताळा जुळला नाही तर एरर, सही करायची नाही. रोजमेळ लिहिणाऱ्या दुकानदाराला हे शिकवावं लागत नाही, प्रोग्रामरला लागतं. फीला वरची एक मर्यादा पण घाल. आणि सुटे फार बारीक असले, जुन्या पद्धतीच्या पत्त्याला ५४६ सातोशीच्या खाली, तर नेटवर्क तो व्यवहार पुढं ढकलतच नाही, तेवढे फीत सोडावे लागतात, पण ते सांगून सोड.

प्रश्न (परभणी) : असं वॉलेट वापरलं तर टॅक्स चुकतो का?

उत्तर : नाही. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के, एकातला तोटा दुसऱ्यातून वजा होत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून ठरावीक रकमेच्या वर १ टक्का टीडीएस. वॉलेट कुणाचं लिहिलेलं आहे त्याच्याशी टॅक्सचा संबंध नाही. पुढचं सीएला विचारा.

प्रश्न (बीड) : मी घरून हातमागाच्या आणि भरतकामाच्या वस्तू ऑनलाइन विकते, काही गिऱ्हाईकं बाहेरदेशातली आहेत आणि ती बिटकॉइन देतो म्हणतात. प्रोग्रामिंग माझं मीच करते. प्रत्येक ऑर्डरला नवा पत्ता द्यायचा आहे पण सर्व्हरवर चावी ठेवायची भीती वाटते. काय करू ताईसारखं समजून सांगा.

उत्तर : भीती वाटते ते चांगलंय ताई, ठेवूच नका. बिप ३२ मध्ये एक्सपब म्हणून प्रकार आहे, त्यावरून पत्ते हवे तितके काढता येतात, खर्च मात्र करता येत नाही. गल्ल्याला फक्त भोक, कुलूप घरी. सर्व्हरवर एक्सपब, शब्द कपाटात.

दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, एक्सपब कुणाच्या हाती लागला आणि त्याखालच्या एखाद्याच पत्त्याची खासगी चावी पण फुटली, तर दोन्ही जोडून वरची मूळ चावी निघते आणि मग त्या खात्यातले सगळे पत्ते गेले. तेव्हा 'हा एक पत्ता तेवढा दुसऱ्या अ‍ॅपमध्ये टाकून बघू' म्हणून सुटी चावी काढून देऊ नका. तुमच्या लायब्ररीत तसं फंक्शनच नको.

दुसरं दुकानदाराला जास्त जाचतं. शब्दांवरून वॉलेट परत उघडताना ते एकेक पत्ता तपासत जातं आणि सलग २० पत्ते कोरे दिसले की पुढं काही नाही असं समजून थांबतं, बिप ४४ मध्येच तसं ठरलंय. आता तुम्ही ऑर्डरमागं नवा पत्ता देणार, आणि गिऱ्हाइकाची जात तुम्हाला माहितीय, पंचवीस जण भाव विचारणार, एकजण घेणार. सव्विसाव्याचे पैसे आले तरी वॉलेट म्हणणार काहीच नाही. पैसे असतात, दिसत नाहीत. म्हणून ज्या पत्त्यावर मुदतीत पैसे आले नाहीत तो पुढच्याला फिरवून द्या, आणि शेवटचा दिलेला नंबर स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवा. जुन्या पत्त्यावर कुणी उशिरा पैसे टाकले तर थोडी ओढाताण होईल, ती परवडली.

प्रश्न (हिंगोली) : आमच्याकडं रेंज येते-जाते. नेट नसताना वॉलेट चालतं का? घरात एक जुना फोन पडून आहे, सिम नाही.

उत्तर : हौ, उलट तोच फोन चांगला. सहीला नेट लागतच नाही, ते निव्वळ गणित आहे, लायब्ररीत नेटवर्क ठेवू नका असं नांदेडच्या पोरांना वर सांगितलं त्याचा फायदा इथं दिसतो. जुना फोन पुसून काढा, वायफाय बंद, त्यावर शब्द. रोजच्या फोनवर फक्त एक्सपब. रोजचा फोन कच्चा व्यवहार बनवतो, त्यासाठी बिप १७४ चा पीएसबीटी हा ठरलेला साचा आहे, तो क्यूआरमध्ये दाखवायचा, जुन्या फोननं वाचायचा, रक्कम, पत्ता, फी आणि सुटे परत कुठं चाललेत ते स्वतःच्या स्क्रीनवर दाखवायचं, मग सही, आणि परत क्यूआर. रोजच्या फोनवर काय दिसत होतं यावर जुन्या फोननं विश्वास ठेवायचा नाही, सगळं व्यवहारातूनच वाचायचं.

लायब्ररी बरोबर चालते का ते तपासायला आधी 'अबॅन्डन' अकरा वेळा आणि बारावा 'अबाउट' हे शब्द टाका, त्यावरून कोणता पत्ता निघायला पाहिजे ते बिप ८४ मध्ये छापलेलंय, अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. त्या पत्त्यावर खरे पैसे मात्र टाकू नका, ते शब्द सगळ्या जगाला पाठ आहेत.

क्यूआरच्या साइझची काळजी नको. एक नोट आत, दोन बाहेर असा साधा सेगविट (बिटकॉइनच्या नव्या पद्धतीचा) व्यवहार सही करून सव्वादोनशे बाइटच्या आसपास होतो, मोठ्यातल्या मोठ्या क्यूआरमध्ये २,९५३ मावतात. पीएसबीटी त्याहून मोठा, तरी बसतो. दाट क्यूआर जुना कॅमेरा वाचताना कुरकुर करतो, तेव्हा स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवा आणि उन्हात उभं राहून प्रयत्न करू नका, मी केलाय.